प्रागचा जुना चौक: घड्याळ बंद पडलं तर देशाचं काय होतं?

प्रागला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये एक व्हिडिओ हमखास सापडतो. जुन्या टॉवरच्या भिंतीवरचं रंगीबेरंगी घड्याळ, खाली माना वर करून उभी असलेली तोबा गर्दी, मग दोन छोट्या खिडक्या उघडतात, आतून बारा पुतळे एकामागोमाग एक डोकावून जातात, कोंबडा कसनुसा आरवतो, तासाचे ठोके पडतात आणि संपलं. मिनिटभराचासुद्धा खेळ नाही. मग लोक एकमेकांकडे बघतात, "बस्स, एवढंच?" असं म्हणतात आणि पांगतात.

मला विचाराल तर लोक तिथे उभे राहतात ते चुकीची गोष्ट बघायला. पुतळ्यांची मिरवणूक ही खूप नंतर जोडलेली करमणूक आहे, खरी कमाल त्याखालच्या तबकडीत आहे, आणि त्याहून मोठा ऐवज म्हणजे तो अख्खा चौक. चेक भाषेत स्तारोमेस्त्स्के नामेस्ती, म्हणजे जुन्या गावठाणातला चौक. चेक लोकांच्या इतिहासातल्या बऱ्याच उलथापालथी या एका फरसबंद जागेवर झाल्यात, राजा इथे निवडला गेला, बंडखोरांची डोकी इथे उडाली, कम्युनिस्ट इथल्याच एका गॅलरीतून बोलले. आणि गंमत अशी की इथल्या मोठ्या अंधश्रद्धा फिरून फिरून त्या घड्याळापाशीच येतात: घड्याळ थांबलं की देशाचं वाटोळं झालंच म्हणून समजा. हे असं का, ते नीट समजून घ्यायचं असेल तर थोडं मागे जावं लागतं.

बाजार, जकात आणि डोकं पेटीत घेऊन फिरणारा तुर्क

सुरुवात साधी आहे. व्लतावा नदी, नदी ओलांडायची जागा, तिथे येऊन मिळणारे व्यापारी रस्ते, आणि त्या रस्त्यांवर भरणारा बाजार. बाराव्या शतकात हा बाजार चांगलाच भरात होता. चौकाच्या पूर्वेला, टीन चर्चच्या मागे एक बंदिस्त अंगण आहे, त्याला उंगेल्ट म्हणतात. परदेशी व्यापाऱ्यांनी माल आधी इथे आणायचा, जकात भरायची, मुक्काम करायचा आणि मग विक्री. आज तिथे कॅफे आणि दुकानं आहेत, पण चारी बाजूंनी बंद असल्यामुळे चौकातला गोंगाट आत शिरला की एकदम कमी होतो, पायांना दमणूक झाली की बसायला ही जागा उत्तम.

इथलं भूतही व्यापारीच आहे. एका तुर्क व्यापाऱ्याचं इथल्या मुलीवर प्रेम बसलं, तो लग्नाची तयारी करायला मायदेशी गेला, बराच काळ आलाच नाही, शेवटी तिने दुसऱ्याशी लग्न केलं. हा परत आला, त्याला कळलं, मुलगी गायब झाली आणि नंतर तळघरात तिचं शिर नसलेलं धड सापडलं. तो तुर्क रात्री एका पेटीत तिचं डोकं घेऊन उंगेल्टमध्ये फिरतो म्हणे. जगभरच्या जकातनाक्यांवर परक्या माणसाबद्दल अशा कथा जन्माला येत असणारच, त्यामुळे मी ही फार मनावर घेत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगतो. तुम्ही उभे असता तो चौक मूळचा चौकच नाही. नदीच्या पुरांना कंटाळून मध्ययुगात इथल्या रस्त्यांची पातळीच भर घालून वर उचलली, त्यामुळे बाराव्या-तेराव्या शतकातल्या दगडी घरांचे तळमजले आज तळघरं झालेत. टाउन हॉलच्या पोटातही अशा खोल्या आहेत आणि त्या बघता येतात. खाली उतरलात की तुम्ही मूळ रस्त्याच्या उंचीवर असता.

टाउन हॉलची कथा पण मजेशीर आहे. १३३८ मध्ये लक्झेंबर्ग घराण्यातल्या योहान राजाने जुन्या गावातल्या लोकांना स्वतःचा टाउन हॉल ठेवायची परवानगी दिली. एकदम भव्य वास्तू वगैरे उभी करण्याऐवजी त्यांनी एक घर घेतलं, मग पुढे शेजारचं घेतलं, मग त्याच्या शेजारचं, आणि असं करत करत घरांची एक रांगच टाउन हॉल झाली. म्हणून आजही समोरून बघितलं की ही एक इमारत न वाटता वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या काळातली घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत असं दिसतं. त्याच्या कोपऱ्यावर सुमारे ७० मीटर उंच टॉवर, आणि टॉवरच्या दक्षिणेच्या भिंतीवर ते घड्याळ, ओरलॉय.

घड्याळ वाचायचं कसं

आता हा भाग जरा सावकाश वाचा, कारण एकदा कळलं की मजा येते. ओरलॉयमध्ये वर पुतळ्यांच्या खिडक्या, मधे खगोल तबकडी आणि खाली कॅलेंडरची तबकडी असे तीन मजले आहेत. सगळ्यात जुनी मधली, १४१० सालची. चालू स्थितीतलं जगातलं सगळ्यात जुनं खगोल घड्याळ म्हणून याचं नाव घेतात.

मधल्या तबकडीत पृथ्वी केंद्रस्थानी आहे. कोपर्निकस जन्मायला अजून साठेक वर्षं होती, तेव्हा सूर्य-चंद्र आपल्याभोवती फिरतात हेच शास्त्र होतं आणि घड्याळ त्याप्रमाणेच बनवलंय. मागच्या रंगीत पाटीवर वरचा निळा भाग म्हणजे दिवसाचं आकाश, खालचा काळा गोल म्हणजे रात्र, आणि मधला नारिंगी-तांबूस पट्टा म्हणजे पहाट आणि संधिप्रकाश. एका लांब काट्यावर सोनेरी सूर्य बसवलाय. तो निळ्यावर असेल तर दिवस, काळ्यात शिरला की रात्र. इतकं सोपं.

त्याच काट्याच्या टोकाला एक सोनेरी पंजा आहे आणि तो एकाच वेळी दोन वेळा दाखवतो. रोमन आकड्यांच्या रिंगणावर आपली नेहमीची वेळ. त्याच्या बाहेर आणखी एक काळी रिंग आहे, तिच्यावर जुन्या गॉथिक वळणाचे १ ते २४ आकडे, ती जुनी चेक वेळ. ही वेळ सूर्यास्तापासून मोजायची, म्हणजे सूर्य मावळला की २४ वाजले आणि नवा दिवस सुरू. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून सुरू होतो, इथे बरोबर उलटं. पण सूर्यास्त रोज थोडा पुढेमागे होतो ना, म्हणून ती बाहेरची रिंग वर्षभर हळूहळू इकडून तिकडे सरकत राहते. उपयोग काय? पंजा २० वर असेल तर अंधार पडायला चार तास उरले, हिशोब करायची गरज नाही. ज्या काळात उजेड संपला की काम संपायचं त्या काळात ही आपल्या घड्याळापेक्षा जास्त कामाची पद्धत होती असं मला वाटतं.

अजून एक तिसरी वेळ आहे. निळ्या भागावर सोनेरी वाकड्या रेषा दिसतात, त्या उजेडाच्या काळाचे बारा समान तुकडे करतात, मग दिवस मोठा असो की छोटा. प्रागमध्ये जूनमध्ये दिवस सव्वासोळा तासांच्या पुढे जातो, म्हणजे यातला एक 'तास' सुमारे ८२ मिनिटांचा, आणि डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा, तेव्हा तोच तास ४० मिनिटांचा!

मग ती राशींची रिंग. बारा राशी असलेलं हे वर्तुळ मुद्दाम मध्याला सोडून एका बाजूला कललेलं बसवलंय, लोकांना ते बिघडलंय असं वाटतं, तसं नाहीये. गोल आकाश सपाट पाटीवर उतरवलं की सूर्याचा वार्षिक मार्ग असा तिरका येतो. सूर्य या रिंगवरून चालतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो काट्यावर बाहेरच्या बाजूला सरकतो आणि निळ्या भागातून मोठी फेरी मारतो, हिवाळ्यात मध्याजवळ येतो आणि फेरी छोटी होते. दिवस लहानमोठे का होतात ते न बोलता दाखवलंय.

आणि हे सगळं चालतं कशावर, तर तीन मोठ्या दातेरी चाकांवर. एकाला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६, तिसऱ्याला ३७९. तिन्ही चाकं एकाच आसावर आहेत आणि त्यांना सारख्याच छोट्या चाकांनी एकत्र ढकललं जातं. दाते कमी तर चाक जरासं लवकर फिरणार, जास्त तर उशिरा, एवढीच युक्ती. ३६६ दात्यांचं चाक सूर्याचं, ते २४ तासांत एक फेरी करतं. ३६५ चं चाक राशींचं, ते एका दात्याने पुढे राहतं आणि २३ तास ५६ मिनिटांत फेरी संपवतं, आकाशातले तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात ते हेच. ३७९ चं चाक चंद्राचं, ते रोज पन्नासेक मिनिटं मागे पडतं, खरा चंद्रही तसाच उशिरा उगवतो. म्हणजे एका दात्याचा फरक, तेरा दात्यांचा फरक आणि अख्खं आकाश चालू. कॉम्प्युटर सोडा, पेंडुलमसुद्धा नव्हता तेव्हा. चंद्राचा गोळा तर अर्धा रुपेरी अर्धा काळा आहे आणि आतल्या वजनामुळे स्वतःभोवती वळत वळत अमावास्या-पौर्णिमा दाखवतो.

खालची कॅलेंडर तबकडी त्यामानाने सरळ: रोज मध्यरात्री एक घर सरकते, ३६५ घरं, प्रत्येकात त्या दिवसाच्या संताचं नाव, आत बारा महिन्यांची शेतीची कामं रंगवलेली. ती चित्रं योसेफ मानेस या चित्रकाराची, १८६६ ची, मूळ तबकडी संग्रहालयात आहे आणि भिंतीवर प्रत असते. २०१८ च्या दुरुस्तीत नवी प्रत बसवली आणि २०२२ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की चेहरे, कपडे, वयं मूळ चित्रांशी जुळत नाहीत, चित्रकाराने ओळखीच्या लोकांचे चेहरे घातले की काय अशी ओरड झाली, रीतसर तक्रार झाली. रोज शेकडो लोक फोटो काढत होते, चार वर्षं कुणाला पत्ता नव्हता, यावरूनच कळतं लोक काय बघायला येतात ते.

आंधळा कारागीर, जो झालाच नाही

प्रागच्या कुठल्याही गाइडला विचारा, तो हानुशची गोष्ट सांगतो. हानुश नावाच्या उस्तादाने हे घड्याळ बनवलं, नगरपित्यांना भीती वाटली की हा दुसऱ्या शहराला याहून भारी घड्याळ करून देईल, म्हणून रात्री माणसं पाठवून तापलेल्या सळईने त्याचे डोळे फोडले. म्हातारपणी तो चाचपडत टॉवरवर गेला, यंत्रात हात घातला, घड्याळ बंद पडलं आणि तो तिथेच मेला. मग कितीतरी वर्षं ते कुणालाच चालू करता आलं नाही, आणि जो हात लावेल तो वेडा तरी होतो नाहीतर मरतो अशी वदंता.

गोष्ट जबरदस्त आहे, फक्त खरी नाही. घड्याळ बनवलं कादान गावच्या मिकुलाश या घड्याळजीने, आणि त्यामागचं गणित बहुधा प्राग विद्यापीठातला गणित-खगोलाचा प्राध्यापक यान शिंडेल याचं. हानुश नावाचा माणूस होता, पण तो ऐंशीएक वर्षांनी, १४९० च्या सुमाराला दुरुस्तीचं काम करणारा, आणि खालची कॅलेंडर तबकडी त्या काळातली मानतात. सोळाव्या शतकात यान ताबोर्स्की नावाचा माणूस घड्याळाची देखभाल करायचा, त्याने १५७० मध्ये लिहिलेल्या अहवालात निर्माता म्हणून हानुशचं नाव टाकलं आणि ते पुढे चारशे वर्षं चिकटलं. विसाव्या शतकात १४१० चा कागद सापडला तेव्हा कुठे मिकुलाशला त्याचं श्रेय मिळालं. नगरपित्यांनी त्याचे डोळे फोडले नव्हते, उलट मोबदला दिला होता.

घड्याळ वारंवार बंद पडायचं हे मात्र खरंय. अठराव्या शतकात तर ते इतकं खिळखिळं झालं होतं की भंगारात काढायची वेळ आली होती, क्लेमेंटिनम वेधशाळेतल्या आंतोनीन स्त्रनाद या प्राध्यापकाच्या खटपटीमुळे वाचलं. त्याच दुरुस्तीच्या वेळी खिडक्यांतले बारा प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे पुतळे आले असं म्हणतात. पुढे १८६० च्या दशकात रोमुआल्ड बोझेकने अचूक चालणारं नवं यंत्र जोडलं. कोंबडा तर त्याच्याही नंतरचा.

तबकडीच्या बाजूला उभे असलेले चार पुतळे नीट बघा. आरसा घेतलेला गर्विष्ठ, पैशाची थैली धरलेला कंजूष, ऐषआरामाचं प्रतीक म्हणून एक तुर्क, आणि सांगाडा. तास भरला की सांगाडा एका हाताने दोरी ओढून घंटा वाजवतो, दुसऱ्या हातातलं वाळूचं घड्याळ उलटं करतो, म्हणजे चला, तुमची वेळ झाली, आणि बाकीचे तिघं माना हलवून नाही नाही म्हणतात. मला विचाराल तर वरच्या प्रेषितांपेक्षा हे नाटक जास्त भारी आहे, पण सगळ्यांचे कॅमेरे वर असतात.

सांगाड्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगतात. टाउन हॉलच्या कोठडीत एक सरदार मरणाची वाट बघत होता, त्याने खिडकीतून बघितलं की एक चिमणी सांगाड्याच्या उघड्या जबड्यात शिरली आणि जबडा मिटला. तासाभराने पुढचा ठोका पडला, जबडा उघडला, चिमणी भुर्र. त्याला वाटलं आपणही सुटणार, आणि सुटला म्हणे.

आता मुख्य अंधश्रद्धा. घड्याळ फार काळ बंद राहिलं तर चेक राष्ट्रावर संकट येतं आणि सांगाडा त्याला होकार देत मान हलवतो. यावर उपाय एकच: नववर्षाच्या रात्री जन्मलेला एक मुलगा, घड्याळ पुन्हा चालू होऊन ठोके द्यायला लागलं की त्याने टीन चर्चमधून निघून चौक ओलांडून पळत सुटायचं आणि शेवटचा ठोका पडायच्या आत टाउन हॉल गाठायचा. गाठला तर संकट टळलं.

२१ जून १६२१

टॉवरच्या पायाशी, फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रॉस बसवलेत. टूरिस्ट त्यांच्यावर उभे राहून घड्याळाचे फोटो काढतात, खाली बघत नाहीत.

मागची गोष्ट थोडक्यात. बोहेमियातले, म्हणजे प्रागभोवतालच्या चेक मुलखातले प्रोटेस्टंट सरदार ऑस्ट्रियाच्या कॅथलिक हाब्सबर्ग घराण्यातल्या राजाविरुद्ध उठले, आणि ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागबाहेरच्या बिला होरा, म्हणजे पांढऱ्या टेकडीच्या लढाईत हरले. पुढच्या जूनमध्ये २१ तारखेला पहाटेपासून या चौकात २७ जणांना मारलं, तीन मोठे सरदार, सात नाइट आणि सतरा शहरवासी. चोवीस जणांचं डोकं उडवलं, तिघांना फाशी. यान मिडलार्झ हा प्रागचा जल्लाद, त्याने त्या सकाळी चार तलवारी वापरल्या. मारलेल्यांमध्ये क्रिश्तोफ हारांत होता, संगीतकार आणि प्रवासी, आणि यान येसेनियस होता, ज्याने १६०० मध्ये प्रागमध्ये लोकांसमोर शवविच्छेदन करून दाखवलं होतं आणि जो पुढे विद्यापीठाचा प्रमुख झाला. त्याची आधी जीभ कापली, मग डोकं. बारा डोकी चार्ल्स पुलाच्या टॉवरवर टांगली आणि त्यातली बहुतेक दहा वर्षं तिथेच होती, १६३१ मध्ये सॅक्सनीचं सैन्य शहरात आलं तेव्हा कुठे ती उतरवून टीन चर्चमध्ये नेली.

यानंतर हाब्सबर्गांची सत्ता जवळजवळ तीनशे वर्षं टिकली. म्हणून चेक माणसासाठी हे २७ क्रॉस म्हणजे नुसती एक जुनी शिक्षा नाही.

आणि भुतं? दर २१ जूनला ते सत्तावीस जण चौकात येतात. सूड घ्यायला नाही, रडायला नाही, तर घड्याळ बघायला. काटे बरोबर चालत असतील तर समाधानाने परत जातात, बंद असेल तर दुःखी होऊन जातात कारण देशावर वाईट दिवस येणार. घड्याळाची मेंटेनन्स चेक करायला येणारी भुतं मी तरी दुसरीकडे कुठे ऐकली नाहीत.

पाडायचं, उभारायचं, परत पाडायचं

चौकात बाकी जे काही आहे ते कुणी ना कुणी कधी ना कधी पाडलंय किंवा बदललंय. टीन चर्चचंच घ्या. दोन काळे, टोकदार, साधारण ८० मीटर उंचीचे मनोरे, लोक त्यांना आदम आणि हव्वा म्हणतात कारण दक्षिणेकडचा जरा जाड आहे. (एकदा सांगितलं की तो फरक परत डोळ्यांआड होत नाही.) हे हुसाइट लोकांचं मुख्य चर्च होतं. यान हुस या धर्मसुधारकाला ६ जुलै १४१५ ला कॉन्स्टान्समध्ये जाळलं, त्याच्या अनुयायांचं चिन्ह म्हणजे सोन्याचा चषक. त्यांच्या बाजूचा यिर्झी १४५८ मध्ये समोरच्या टाउन हॉलमध्येच राजा निवडला गेला, आणि टीनच्या दर्शनी भिंतीवर त्याचा पुतळा आणि मोठा सोनेरी चषक बसवला. बिला होरानंतर कॅथलिकांनी तो चषक उतरवला, वितळवला आणि त्याच सोन्यातून मेरीच्या मूर्तीची प्रभावळ केली. ती मेरी आजही तिथे आहे, दोन मनोऱ्यांच्या मधोमध.

चर्चच्या आत टायको ब्राहेची कबर आहे, दुर्बिणीच्या आधीच्या काळातला सगळ्यात काटेकोर आकाशनिरीक्षक. एका मेजवानीत शिष्टाचारापायी लघवीला उठला नाही आणि काही दिवसांनी, २४ ऑक्टोबर १६०१ ला गेला. विषप्रयोगाची चर्चा चारशे वर्षं चालली, शेवटी २०१० मध्ये कबर उघडून तपासणी झाली आणि पाऱ्याने मरण आलं नाही असं निघालं.

मेरीचा खांब हे तर भांडणाचं मूळच. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्यापासून शहर वाचलं म्हणून १६५० मध्ये चौकाच्या मधोमध मेरीचा उंच खांब उभा राहिला. त्याची दुपारची सावली एका ठरावीक रेषेवर पडली की प्रागमध्ये बारा वाजले असं धरायचे, ती रेषा पितळेच्या पट्टीने आजही फरशीत आहे. १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि पाचसहा दिवसांत, ३ नोव्हेंबरला, बिला होराच्या सभेवरून परतलेली गर्दी आली, फ्रांता सावर नावाच्या इसमाच्या पुढाकाराने दोर बांधले आणि खांब खाली ओढला. त्यांना वाटत होतं हा बिला होराच्या विजयाचा हाब्सबर्गी खांब आहे. स्वीडिश लोकांचा संबंध कुणाला आठवतो! मग शंभर वर्षं परत बांधा, बांधू नका असा वाद, आणि २०२० मध्ये नवा खांब उभा राहिलाच.

तो पडला तेव्हा शेजारी यान हुसचं स्मारक आलेलं होतं, लादिस्लाव शालौनचं, हुसच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१५ ला. ऑस्ट्रियन सरकारने समारंभ होऊ दिला नाही तर लोकांनी ते फुलांनी झाकून टाकलं. हुस आणि मेरी, आता दोघं काही पावलांवर उभे आहेत.

मग घड्याळ खरंच थांबलं

मे १९४५, युद्ध संपायला आलेलं, प्राग जर्मनांविरुद्ध उठलं. ८ मेला टाउन हॉलला आग लागली, घड्याळ जळलं, लाकडी प्रेषित जळले, आणि उत्तरेकडची अख्खी निओगॉथिक इमारत गेली. तिची एक उभी पट्टी टॉवरला चिकटून राहिलीय, जणू केक कापताना सुटलेला तुकडा. बाकी जागेवर आज गवत आणि झाडं आहेत, तिथे काय बांधायचं यासाठी कित्येक वास्तुस्पर्धा झाल्या, काहीही बांधलं गेलं नाही.

घड्याळ पुन्हा चालू झालं १ जुलै १९४८ ला, वोय्तेख सुखार्दाने कोरलेल्या नव्या प्रेषितांसकट. आता मधल्या काळात काय झालं बघा. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, आणि २१ फेब्रुवारीला त्यांचा नेता क्लेमेंट गोटवाल्डने भाषण केलं ते याच चौकातल्या किन्स्की राजवाड्याच्या गॅलरीतून, बंद पडलेल्या घड्याळाच्या समोर! पुढची चाळीस वर्षं काय झालं ते जगाला माहितीय. त्या गॅलरीत गोटवाल्डजवळ उभा असलेला त्याच्याच पक्षातला व्लादिमिर क्लेमेंटिस १९५२ मध्ये फासावर गेला आणि मग फोटोतूनही पुसला गेला.

म्हणजे अंधश्रद्धा खरी ठरली? नाही हो. ज्या युद्धाने घड्याळ जाळलं त्याच युद्धाने सोव्हिएत सैन्य प्रागपर्यंत आणलं, कारण एकच आणि परिणाम दोन. शिवाय शतकानुशतकं हे यंत्र वारंवार बंद पडायचं, आणि २०१८ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर दुरुस्तीला काढलं होतं तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही. पण चेक माणूस ही गोष्ट अर्धी हसत आणि अर्धी न हसता सांगतो ते मला समजतं. चौकातलं बाकी सगळं कुठल्या ना कुठल्या बाजूचं आहे: चषक यांचा, मेरी त्यांची, खांब राजाचा, गॅलरी पक्षाची. घड्याळ तेवढं कुणाच्याच बाजूचं नाही, ते दर वेळी आलेल्या राजवटीने दुरुस्तच केलं. मग भीती आणि आशा ठेवायला लोकांना तीच एक जागा उरली असावी.

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. किन्स्की राजवाडा म्हणजे पूर्वेकडची गुलाबी-पांढरी रोकोको इमारत. शांततेचं नोबेल मिळवणारी बेर्था फॉन सुटनर १८४३ मध्ये तिथे जन्मली, लेखक फ्रान्झ काफ्का तिथल्या जर्मन शाळेत शिकला आणि त्याच्या वडिलांचं दुकानही काही काळ तिथेच होतं. टाउन हॉलच्या बाजूचं, भिंतीवर काळी-पांढरी चित्रं कोरलेलं 'मिनिटाचं घर', त्यात काफ्का लहानपणी राहायचा. किन्स्कीच्या शेजारचं दगडी घंटेचं घर विसाव्या शतकापर्यंत साधं बरोक घर समजलं जायचं, प्लास्टर काढलं तर आतून अख्खी गॉथिक, म्हणजे त्याहून कितीतरी जुनी, मध्ययुगातली भिंत निघाली. वायव्येच्या कोपऱ्यातलं पांढरं सेंट निकोलस चर्च १७३० च्या दशकातलं, आता चेकोस्लोव्हाक हुसाइट चर्चच्या ताब्यात.

प्रेषितांची फेरी सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला असते. ती बघा, पण खिसे सांभाळा, सगळ्यांच्या माना वर असताना कुणाचे हात खाली काम करत असतात. गर्दी पांगली की पाच मिनिटं तिथेच थांबा आणि तबकडी वाचा, तेव्हा समोर कुणी नसतं. टॉवरवर जायला लिफ्ट आहे, वरून २७ क्रॉस आणि मध्यान्हरेषा शोधायचा प्रयत्न करा. टीन चर्चचं दार समोरून सापडत नाही, पुढच्या घरांच्या कमानीतून आत जावं लागतं. आणि निखाऱ्यावर फिरवत भाजलेलं ते गोल गोड त्रदेलनिक 'पारंपरिक चेक पदार्थ' म्हणून विकतात ना, ते पारंपरिक वगैरे काही नाही, गेल्या वीसेक वर्षांत टूरिस्टांसाठी वाढलेलं प्रकरण आहे. भूक लागली असेल तर खा, चांगलं लागतं.